खाडीला भिणारे मास्तर

आगरदांडा-दिघी फेरीबोटीत ते म्हातारे मास्तर रोज दिसायचे. बोट बुडालीच तर पोहायला पाय मोकळे राहावेत म्हणून चपला काढून पिशवीत ठेवायचे आणि दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरायचे.

एकदा भर खाडीत इंजिन बंद पडलं. बोट आडवी डोलू लागली. मीही कठडा धरला. मास्तरांचे ओठ पांढरे पडले होते.

“पाण्याला लय भितो मी,” ते म्हणाले. “पोरं भीत न्हाईत, म्हणून जास्तच. त्यांना ही खाडी ओलांडाया लागू नये म्हणून दोन्ही काठांवर कॉलेजं काढली.”

“मग तुम्ही रोज का येता?”

“दोन्हीकडं शिकवायला माणूस कुठं मिळतो?”

हल्ली मास्तर दिसत नाहीत. पलीकडचं कॉलेज बंद पडलंय. तिकडची पोरं कठड्यावर बसून हसत-खिदळत खाडी ओलांडतात. मी चपला काढून पिशवीत ठेवतो.