नाचणीच्या बदल्यात मीठ

मिठाच्या ओल्या गोणपाटाचा वास आला की मला जव्हारच्या बाजारातली ती दुपार आठवते. संस्थानाचे दिवस होते. त्या साली पावसानं मधेच दडी मारली, भात पोटरीतच करपलं आणि डोंगरउतारावरची नाचणी तेवढी थोडी हाती लागली. मी नवी सून. नाचणीची पाटी डोक्यावर घेऊन साखरशेतहून सासूच्या मागं चालत आले होते. तेव्हा मापाला माप चालायचं, जेवढी नाचणी तेवढंच मीठ. त्या दिवशी दुकानदार आपणहून म्हणाला, “आजी, एका मापाला दोन मापं मीठ देतो.” मी हरखले. सासूनं मात्र ओतलेली नाचणी परत पाटीत भरली. “नको शेट,” एवढंच म्हणाली. परतीच्या वाटेवर मी फुरंगटून बसले, तेव्हा ती बोलली, “मीठ सवंग झालं नाय, पोरी. दाणा म्हाग व्हयाचा हाय. त्याला आधी कळलाय.” उन्हाळ्यात तोच दुकानदार एका मापाला चार मापं मीठ देऊ लागला, तरी त्याला कुणी नाचणी देईना. आमच्या घरी आंबील अळणी होती, पण होती. आता नातसुना हसतात, म्हातारी पानात मीठ फार घेते म्हणून. हसू देत. त्या सालचं माझं मीठ अजून बाकी आहे.