वहिनीचं गाणं कोल्हापूरकडं पोचलं

मित्रांनो, दुपारपासून अंगावरचा काटा जात नाही, म्हणून लिहून राहिलो.

आज कोंढ्याला मामेभावाकडं गेलो होतो. त्याची बायको, आमची वनिता वहिनी, लग्नाआधी एका गायन पार्टीत भीमगीतं गायची. पुढं गावोगाव फिरणं जमेना, पार्टी सुटली. दोन वर्षांपासून मात्र ती स्वतः गाणी लिहिते, चाल लावते अन् मोबाईलवर रेकॉर्ड करून नेटवर टाकते. तेही धानाच्या पोत्यांच्या खोलीत, कारण तिथं आवाज घुमत नाही.

जेवताना फोन आला. कोल्हापूरकडच्या एक शिक्षिका होत्या.

"ताई, जयंतीला आमच्या बायका तुमचं गाणं म्हणणार आहेत. जरा ऐकता का?"

अन् स्पीकरवर वीस-पंचवीस बायका वहिनीचं गाणं तिच्याच चालीत गाऊ लागल्या!

वहिनीचा घास हातातच राहिला. गाणं संपलं तशी म्हणाली, "बाई, दुसऱ्या कडव्यात एवढं वर नोका जाऊ, दम पुरत नाही." तिनं ती ओळ गाऊन दाखवली. तिकडं सगळ्यांनी ती तशीच म्हटली.

"ताई, तुम्हीच या ना. मुख्य गायिका म्हणून."

वहिनी माझ्याकडं वळली. "भाऊजी, पार्टीवाले म्हणत होते, पार्टी सोडली का गायिका संपली. अन् मी तं घरातून निघालीच नाही, तरी गाणं तिकडं पोचलं!"

मग कोणालाही न विचारता फोनवर म्हणाली, "येतो ना, बाई."

खरं सांगतो, तिचं एकही गाणं मी आजवर पूर्ण ऐकलं नव्हतं. तुमच्या घरात कोणी गातं का? तुम्ही ऐकलंय?