विहिरीतला फरारी

नोकरीत शेकडो पंचनामे केले, बरेचसे विसरलो. लोणी काळभोरजवळच्या त्या विहिरीचा पंचनामा मात्र आजही जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे.

पुण्याभोवती संगणक कंपन्यांच्या इमारती उठू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. मी त्या हद्दीत पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना ठाण्यात फोन वाजला.

"कंपनीच्या जागेवर बुजलेली विहीर खणलीय. माणसाची हाडं निघालीत. दुपारच्या आत भराव टाकणार आहेत." नाव न सांगताच फोन ठेवला गेला.

हवालदाराला घेऊन निघालो. साइटचा सुपरवायझर हसत सामोरा आला. "जुनं भंगार आहे, साहेब." तो सगळीकडे बघत होता, फक्त कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे नाही. लपवणारा माणूस जिकडे बघायचं टाळतो, तिकडे आधी जावं. त्याला खुर्चीवर बसवलं. हाडं दिसली का, असं विचारलंच नाही.

"हाडं किती वाजता दिसली?"

"साडेआठला," तो बोलून गेला आणि मग त्यानं मान खाली घातली.

ताडपत्रीखाली विहिरीतून वर काढलेला, विमानाच्या शेपटीकडचा चेपलेला भाग होता, त्यात मागची बैठक आणि बैठकीवर माणसाचा सांगाडा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या भागात शिकाऊ विमानं उडत आणि काही पडलीही, एवढं ऐकून होतो. अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि काम थांबवलं.

संध्याकाळी वरिष्ठांचा फोन. "अहो, पन्नास वर्षांपूर्वीचं मढं ते. कंपनी मोठी आहे. मिटवून टाका."

"सर, लेखी आदेश द्या. फाईलला लावतो."

आदेश आला नाही. काम बंदच राहिलं.

तिसऱ्या दिवशी विहिरीची बातमी ऐकून साठी उलटलेल्या एक बाई ठाण्यात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"माझा भाऊ हाय त्यो. लढाईच्या वक्ताला इमानाचा मेकॅनिक व्हता. इंजिन तपासाया संगट नेला आन इमान पडलं. इमान चालवनारा गोरा सायब मेलेला घावला, ह्यो घावला न्हाई. मग म्हनले, ह्यानंच बिघाड केला आन छत्री घेऊन उडी मारून पळाला. माझ्या बापाला चावडीवरनं धरून नेला, पोरगा कुठं लपवला म्हनून. आमच्या घराला फरारीचं घर म्हनत्यात, साहेब. अजून."

सांगाडा दाखवण्याआधी मी विचारलं, "ओळख पटेल अशी काही खूण?"

"डावा हात. ल्हानपनी चिंचेवरनं पडला व्हता. हाड वाकडंच जुळलं."

सरकारी डॉक्टरांच्या अहवालात तेच निघालं. पण माझ्या दृष्टीनं पंचनाम्यातली दुसरी नोंद मोठी होती. बैठकीच्या पट्ट्याचं बक्कल गंजलेलं होतं, पण बंद होतं. उडी मारणारा माणूस पट्टा बांधून बसत नाही. विमान हवेतच तुटलं होतं. पुढचा भाग शेतात पडला, मागचा विहिरीत, आणि विहिरीचे काठ त्याच्यावर कोसळले. चौकशी करणाऱ्यांनी तिथे खणायची तसदी घेतली नाही. पळाला म्हणणं सोपं होतं.

रेकॉर्ड रूममध्ये दोन दिवस काढले. फरारींच्या एका जुन्या रजिस्टरमध्ये त्याचं नाव सापडलं. नोंद आमच्याच ठाण्याची होती. त्याखाली मी लिहिलं, 'सदर इसम फरार नव्हता. कर्तव्यावर असताना जागीच मृत.' सही केली, शिक्का मारला. जुन्या नोंदीला हात लावल्याबद्दल माझ्याकडे खुलासा मागण्यात आला. एका ओळीत उत्तर दिलं, 'नोंद खोटी होती.'

सांगाडा ताब्यात देताना बाईंना म्हटलं, "आता शांतपणे अंत्यविधी उरका."

"शांतपनी न्हाई. बापाला जिथनं नेला, तिथं उभं ऱ्हाऊन वाचा. वर्दी घालून."

चावडीवर उभं राहून मी ती नोंद वाचली. सगळं गाव जमलं होतं. बाई रडल्या नाहीत, एकेकाच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. पन्नास वर्षांत पहिल्यांदा लोकांनीच नजर खाली घेतली.

'फरारी' हा शब्द लिहायला आम्हा पोलिसांना क्षणही लागत नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्या हाताखालच्या कोणी तो लिहिला, की मी एवढंच विचारायचो, "शोधलं कुठे कुठे?"