चौथ्या फरशीखालचा खड्डा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा एवढं वगळून बोलतो — जणू त्याला दिसलंच नसेल! मग तुम्हाला का सांगतोय? डोकं तडकलंय माझं, म्हणून.

परवा आमच्या शॉपिंग सेंटरचे नवे अध्यक्ष दुकानात आले. चहा घेतला. म्हणाले, काका, सेंटरला दहा वर्षं होतायत, स्मरणिका काढतोय, तुम्ही पहिले चिटणीस, तुम्हीच लेख द्या. विषय काय? तर आपल्या सेंटरची घाण कमी कशी करावी, परिसर स्वच्छ कसा ठेवावा. हल्ली सगळीकडे हाच विषय चाललाय म्हणे. ओढ्याचा वास हमरस्त्यावर एसटीत बसलेल्यांना यायला लागला, गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून गूळ घ्यायला लागलं, तेव्हा यांना परिसर आठवला. आणि मी? तोंड वर करून हो म्हणालो. कुठून आली ही हिंमत मला?

तीन रात्री नाही, तीन दुपारी बसलो लिहायला. गल्ल्यावर, कागद पुढ्यात. ‘कचऱ्याचे योग्य नियोजन’ असं लिहिलं नि कागद फाडला. डोंबलाचं नियोजन! उत्तर शोधायला मला कुठं जावं लागणार होतं? सेंटर बांधलं त्या दिवशी उत्तर आमच्याच मागच्या अंगणात होतं. चालू होतं. ते कुणी बुजवलं — थांबा. तिथवर येतो. एकदम नाही येत तोंडातून.

खोपोलीच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून आमचं सेंटर. वीस गाळे, मधे चौक, मागून ओढा. ‘शॉपिंग सेंटर’ हा शब्दच तेव्हा आमच्याकडे नवा होता, छाती फुगवून म्हणायचो. नकाशा काढला तो एका तरुण ओव्हरसियरनं. त्यानं मागं चांगली दहा हात रुंद पट्टी मोकळी सोडली. माझा जीव तुटत होता, दोन गाळे बसले असते तिथं. तो म्हणाला, इथं शोषखड्डा. पुरुषभर खोल खणला, खाली मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, त्यावर रेती. हॉटेलचं, मटणाच्या दुकानाचं, सगळ्या गाळ्यांचं सांडपाणी त्यात जाणार आणि गाळलं जाऊन जमिनीत मुरणार. शेजारी दोन खतखड्डे. भाजीचा पाला, फुलवाल्याचा कचरा एकात टाकायचा, तो भरला की माती लोटायची आणि दुसरा उघडायचा. मी सगळ्यांसमोर त्याची टिंगल केली. म्हटलं, साहेब, आपण बाजार बांधतोय की गोठा? सगळे हसले. तो बिचारा नकाशाची गुंडाळी करत राहिला.

हसली नाही ती चांगुणा.

चांगुणा ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या कातकरवाडीतली. दहा-अकरा झोपड्या होत्या तिथं. रोज सकाळी पळसाच्या पानांचा भारा डोक्यावर घेऊन यायची. मटणवाला, मिठाईवाला, फूलवाला, सगळे तिच्याच पानांत माल बांधायचे. माझं किराणा दुकान, गूळ आणि चिंच मीही पानातच द्यायचो. माझ्या आईच्या वयाची बाई, पण मी तिला ‘अगं चांगुणे’ म्हणायचो आणि ती मला ‘शेट’. असंच चालायचं, कुणाला त्यात काही वाटायचं नाही. मला तरी कुठं वाटत होतं?

तर चांगुणा खड्ड्यात डोकावली. कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, “ह्यो तर आमचा डवराच की वो शेट!” उन्हाळ्यात ओढा आटला की वाडीतल्या बाया ओढ्याच्या रेतीत खळगा उकरतात, त्याला डवरा म्हणतात. रेतीतून पाणी झिरपून खळग्यात येतं, ते वाटीवाटीनं हंड्यात भरायचं. अख्खी वाडी पाऊस येईपर्यंत त्या पाण्यावर जगायची. इंजिनियरचं शिक्षण घेतलेल्या माणसानं काय खणलंय ते त्या बाईला एका नजरेत कळलं, आणि आम्ही दात काढत होतो.

दोन वर्षं सगळं बिनबोभाट चाललं. वास नाही, माशी नाही. पानांचा कचरा पाल्याबरोबर खड्ड्यात कुजायचा, आणि भाताच्या खाचरांसाठी शेतकरी ते खत बैलगाडीनं घेऊन जायचे. अध्यक्षमहाराज, तुमचा लेख एवढाच होता. इथंच संपला असता.

मग प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. गुलाबी, पातळ, फुंकर मारली की उडणाऱ्या. त्यांची एजन्सी कुणी घेतली? मी घेतली. कर्जतपासून चौक गावापर्यंत सगळ्यांना पिशव्या मी पुरवणार होतो. आणि त्या ठेवायला जागा हवी होती. मागची ती पट्टी — गार, आडबाजूची, माझ्या गाळ्याला लागून. किती दिवस डोळ्यांत सलत होती माझ्या!

आठवड्याच्या सुट्टीला सेंटर बंद असतं. त्या दिवशी बाहेरगावचे दोन गवंडी आणले. शोषखड्ड्यात डबर लोटलं. खतखड्डे सपाट केले. वर शहाबादी फरशी, पुढच्या आठवड्यात त्यावर भिंती, पत्रा, माझं गोदाम तयार. आणि सांडपाणी? फरशीखालून सिमेंटचा पाइप टाकला आणि सरळ ओढ्यात सोडला. पाइपाच्या तोंडाशी निरगुडी लावली, दिसू नये म्हणून. झाड लावलं मी, बघा! सेंटरच्या सभेत सांगितलं की मागं पलीकडे नवा, मोठा खड्डा घेतलाय. कुणी बघायला आलं? एक जण नाही आला. पण ते जाऊ द्या, त्यांच्यावर ढकलायचं नाही मला. फावडं माझ्या सांगण्यावरून चाललं होतं.

पावसाळ्यात काही कळलं नाही, पुराबरोबर सगळं वाहून जातं. चैत्रात ओढा बारीक झाला आणि एका दुपारी चांगुणा पायरीशी येऊन उभी राहिली. भारा अगदी लहान होता. एव्हाना मटणवाला सोडून तिची पानं कुणी घेत नव्हतं. बाकीच्यांना माझ्या पिशव्या लागल्या होत्या. दुकानात गिऱ्हाईक नाही ना, हे तिनं आधी बघितलं. मग आवाज खाली करून म्हणाली, “शेट, तुमचा पाइप कुटंतरी फुटलाय जनू. नव्या खड्ड्यात जायाचं सोडून पानी वढ्यात येतंय. डवऱ्यावर तवंग धरतोय. मी कुनाला बोलली नाय, तुमचं नाव खराब व्हायचं. तेवडं दुरुस्त करून टाका.”

कळतंय का तुम्हाला? तिला वाटलं पाइप फुटलाय. मुद्दाम कुणी असं करील हे तिच्या मनातच आलं नाही. प्यायचं पाणी नासत होतं तिचं आणि ती माझ्या नावाला जपत होती.

मी म्हटलं, बघतो.

आठ दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं, शेट, झालं का? म्हटलं, माणूस सांगितलाय. माणूस! कुठला माणूस? असं काही सुचायला मला क्षणही लागत नव्हता. तोवर वाडीतली तीन माणसं हगवणीनं अंथरुणाला खिळली होती. त्यात चांगुणाची सून, सातवा महिना चालू असलेली. ओढ्यात मासे उलटे होऊन तरंगायला लागले. गावातल्या म्हशी पाण्याला तोंड लावीनात, तेव्हा गाव जागं झालं. माणसं आजारी पडली तोवर झोपलं होतं.

सेंटरच्या चौकातच सभा भरली. भर दुपार, सगळे घामाघूम, तापलेले. कुणीतरी शेतकऱ्यानं विचारलं, सेंटरची घाण जाते कुठं? सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. वाडीतली माणसं पार कडेला उकिडवी बसली होती, त्यांच्याकडेही बोट गेलं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, काय गं चांगुणे, काय घातलंत वढ्यात?

ती उठली. पदर सावरला. घाबरलेली नव्हती. तोच तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही — ती जराही घाबरलेली नव्हती. म्हणाली, “आमी काय नाय घातलं. शेटला ठाव हाय. शेट सांगतील.” आणि खाली बसली. एवढं बोलून तिचं काम झालं होतं.

आता माझी पाळी होती. काय बोलायचं होतं मला? पाइप माझा आहे. चार शब्दसुद्धा नाहीत. काय झालं असतं? फरशी उखडली असती, पिशव्या उन्हात पडल्या असत्या, चिटणीसपद गेलं असतं, चारचौघांत तोंड काळं झालं असतं. मेलो नसतो ना मी?

मला आठवलं ते भलतंच. कधीतरी भारा सोडता सोडता चांगुणानं मला सांगितलं होतं, तिचा मुलगा दामा आणि वाडीतले गडी उन्हाळ्यात गेळाची फळं ठेचून ओढ्याच्या डोहात टाकतात. मासे गुंगतात, हातानं धरता येतात. पण डवऱ्याच्या वरच्या डोहात कधीच टाकायची नाहीत, हा वाडीचा नेम. “आपल्याच तोंडात कोन माती घालंल, शेट?” असं म्हणून हसली होती. गप्पा मारायला माणूस समजून बोलली होती माझ्याशी.

मी उठलो आणि म्हणालो, “ही लोकं गेळ घालतात ओढ्यात. चांगुणेनंच सांगितलंय मला. विचारा तिला, सांगितलं का नाही?”

झालं. हेच ते. शब्द न् शब्द खरा, आणि एवढं मोठं खोटं मी जन्मात बोललो नाही.

त्यांनी तिला विचारलं. तिला खोटं बोलता येत नव्हतं. ती म्हणाली, “व्हय, सांगितलं. पन —”

तो ‘पन’ कुणी ऐकला नाही. मी ऐकला. दामाला तिथंच चौकात धरलं, माझ्या दुकानाच्या पायरीवर पाडून मारलं. चांगुणा आडवी पडली त्याच्या अंगावर, आणि तिथून तिनं माझ्याकडे बघितलं. शिव्या देईल, ओरडून सांगेल, पाइपाकडे बोट करील — कशाचीच तयारी नव्हती माझी, पण तिनं काही केलं नाही. अजून वाट बघत होती ती माझी! मी गल्ल्याचं कुलूप तपासत उभा राहिलो.

ठरलं की वाडीतल्या कुणी ओढ्यात पाय टाकायचा नाही. ठरलं की विष घालणाऱ्यांची पानं सेंटरमध्ये कुणी घ्यायची नाहीत. सभेच्या वहीत हे दोन्ही ठराव कुणी लिहिले? चिटणिसानं. वळणदार अक्षर आहे माझं. दुसऱ्या दिवसापासून मटणवालाही पिशव्या घ्यायला लागला.

चांगुणाची सून वाचली. पोटातलं मूल वाचलं नाही. पाणी बंद झाल्यावर वाडी कशी राहणार? पावसाच्या आधी त्यांनी झोपड्या मोडल्या, कूड आणि वासे डोक्यावर घेतले आणि गेले. कुणी म्हणतं वर कोंडाणे लेण्यांकडच्या डोंगरात आहेत, कुणी म्हणतं वीटभट्टीवर दिसले. मी शोधलं नाही. शोधून काय म्हणणार होतो?

आणि ऐका. पुढच्या उन्हाळ्यात मासे पुन्हा मेले. त्याच्या पुढच्याही. गेळ घालायला वाडीच उरली नव्हती, तरी मेले. सभा नाही भरली. एकानंही विचारलं नाही की आता कोण घालतंय. मूग गिळून बसलेल्या त्या सगळ्यांचा मला संताप येतो, हात शिवशिवतात. आणि मग आरशात दिसतो तो माणूस, त्याचं काय करू?

तर अध्यक्षसाहेब, हा घ्या लेख. छापायचा तर असाच छापा, नाही तर टाकून द्या. खड्डा माझ्या गोदामात आहे. आत शिरल्यावर उजव्या भिंतीपासून चौथ्या फरशीखाली. वर पिशव्यांचे गठ्ठे रचले होते, ते मी काढून ठेवलेत. फरशी निघते, खाली डबर आहे, डबराखाली विटा आणि रेती असेल. पाइपाचं तोंड निरगुडीच्या मागं आहे. आत्ता, मी हे लिहितोय तेव्हाही, त्यातून पाणी जातंय.

चांगुणा सभेत खरं तेच बोलली होती. मला ठाऊक होतं.