वाढीचे डॉक्टर

बुरशीपेक्षा वेगाने वाढणारी एकच गोष्ट मी आयुष्यात पाहिली आहे, आणि ती म्हणजे आमच्या डॉक्टरांचा उत्साह. डॉक्टर म्हणजे नाडी बघणारे नव्हेत. हे सूक्ष्मजीवशास्त्रातले डॉक्टर, अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या आमच्या बायोटेक कंपनीचे संस्थापक आणि मालक. वांगणीला कुणाच्या तरी शेतात कुजलेल्या पेंढ्यावर त्यांना एक हिरवी बुरशी सापडली. ती टाकीत वाढवली की एक एन्झाइम तयार होतं, आणि त्यात धुतलेली कोरी जीन्स दहा वर्षं वापरल्यासारखी दिसते. नवी वस्तू जुनी दिसावी अशी लोकांची हौस आहे, हे डॉक्टरांनी वेळेत ओळखलं. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये, जीन्स धुणाऱ्यांच्या शेजारीच, त्यांनी एक गाळा भाड्याने घेतला आणि तीन माणसांची कंपनी सुरू केली. एक ते स्वतः. दुसरे त्यांचे मेहुणे, जे लवकरच विम्याकडे वळले. तिसऱ्या गायकवाडबाई, नळ्या धुण्यापासून बुरशी जोपासण्यापर्यंत सगळं करणाऱ्या. आज आम्ही चारशे आहोत, आणि नळ्या कोण धुतं हे सांगायला एक बैठक घ्यावी लागते.

मी या कंपनीत कागद सांभाळतो. कुठलंही काम कसं करायचं याची लेखी पद्धत तयार करायची, तिच्यावर सह्या घ्यायच्या आणि शिक्का मारायचा. हात कसे धुवावेत याची आमच्याकडे सहा पानी पद्धत आहे. ती मीच लिहिली आहे, त्यामुळे डॉक्टरांना हसण्याचा मला वाटतो तितका अधिकार नाही.

वाढ हा डॉक्टरांचा धर्म होता. कुठलाही सूक्ष्मजीव चार टप्प्यांत जगतो: आधी सुस्त पडून राहतो, मग झपाट्याने वाढतो, मग थांबतो, आणि मग मरतो. या चार टप्प्यांचा आलेख डॉक्टरांच्या खुर्चीमागे भिंतभर लावलेला होता, फक्त त्यात टप्पे दोनच होते. उरलेला भाग त्यांनी छापणाऱ्याकडून कापून घेतला होता, त्यामुळे रेघ थेट छताकडे जाई आणि तिथे एसीच्या जाळीत शिरे. कुळगावहून येणाऱ्या एका नव्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, पुढचे दोन टप्पे?" डॉक्टर प्रेमाने म्हणाले, "बेटा, ते आपल्याला लागू नाहीत." नवा माणूस रुजू झाला की ते स्वागतकक्षातली पितळी घंटा स्वतः वाजवत आणि सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या असत. माणसं इतक्या वेगाने येत होती की एकदा एसी दुरुस्तीवाल्यासाठीही घंटा वाजली. त्या बिचाऱ्याने टाळ्या स्वीकारल्या, गॅस भरला आणि तो निघून गेला. पुढे महिनाभर हजेरीपटावर त्याची गैरहजेरी लागत होती.

माणसांइतक्याच वेगाने हुद्देही बदलत. "जुन्या नावाने नवी उंची गाठता येत नाही," असं डॉक्टर म्हणत. स्टोअरकीपर 'मटेरियल एव्हँजेलिस्ट' झाला, शीतकक्षाचा प्रभारी 'कोल्ड चेन चॅम्पियन' झाला, आणि मी सकाळी 'नॉलेज कस्टोडियन' म्हणून आलो की संध्याकाळी काय म्हणून घरी जाईन हे बायकोलाही सांगता येत नसे. गायकवाडबाई कॅम्प पाचच्या जुन्या गाळ्यातच राहिल्या होत्या. त्यांना डॉक्टरांनी 'हेरिटेज असोसिएट' केलं, आणि नंतर एक पत्र पाठवलं की गाळा महिनाअखेर बंद होत आहे, आपल्या सेवेबद्दल कंपनी ऋणी आहे. पत्र सुंदर होतं. शिक्का माझा होता.

वाढण्यातून ती बुरशीसुद्धा सुटली नाही. म्हणजे तिचं जन्मस्थान वाढत गेलं. सुरुवातीला डॉक्टर पाहुण्यांना वांगणीचा पेंढा सांगत. कंपनी अंबरनाथला आल्यावर बुरशी सह्याद्रीच्या जंगलात सापडू लागली. परदेशी गुंतवणूकदार यायला लागले तेव्हा ती एका हिमालयीन दरीत पोहोचली होती, आणि डॉक्टर तिथे म्हणे एकटेच, पाठीवर सॅक टाकून गेले होते. डॉक्टरांना माथेरानला घोड्यावर बसल्यावरही चक्कर येते.

दही लावायला विरजण लागतं, तसं आमच्या टाकीला या बुरशीचं मूळ वाण लागतं. ते छोट्या कुप्यांमध्ये उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये असे. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी ठरवलं की गुंतवणूकदारांसाठी तळमजल्यावर एक 'अनुभव केंद्र' हवं. फ्रीजर वाटेत येत होता, म्हणून त्याला कँटीनजवळच्या बोळात हलवलं आणि एका एक्स्टेंशन बोर्डवर लावलं. त्याच बोर्डवर कंपनीचं चमकणारं बोधचिन्हही होतं. मे महिन्यातल्या एका दुपारी बोर्डने मान टाकली आणि फ्रीजरचा गजर वाजू लागला. नेमके तेव्हा डॉक्टर अनुभव केंद्रात कॅमेऱ्यासमोर मुलाखत देत होते. विषय होता 'ऐकणारी संस्था'. "आमच्याकडे अगदी खालच्या माणसाचाही आवाज ऐकला जातो," असं म्हणून ते थांबले आणि ओरडले, "अरे, ते टीं टीं बंद करा कोणीतरी!"

वॉचमनने गजर बंद केला. भला माणूस होता, त्याने फ्रीजरवर चिकटवलेली माझी पद्धतही वाचली: गजर वाजल्यास शीतकक्ष प्रभारींना कळवावे. तो प्रभारींना शोधत फिरला. प्रभारी आता चॅम्पियन झाले होते. ते म्हणाले, "माझ्या नव्या पत्रात फ्रीजर नाहीये रे, व्हिजन आहे." वॉचमनने आपल्या रजिस्टरात लिहिलं, 'गजर वाजला. प्रभारी सापडले नाहीत,' आणि तो चहाला गेला.

दहा दिवसांनी टाकीत काळी बुरशी शिरली. असं अधूनमधून होतं. टाकी रिकामी करायची, निर्जंतुक करायची, फ्रीजरमधलं वाण काढून पुन्हा सुरू करायचं. फ्रीजर उघडला तर आतून कोमट वास आला. कुप्यांतलं पाणी बुरशीचं खाद्य घातलेल्या काचेच्या बशांवर पसरून पाच दिवस वाट पाहिली. काहीही उगवलं नाही. चारशे माणसं होती, घंटा होती, अनुभव केंद्र होतं, आणि ज्याच्या जिवावर हे सगळं उभं होतं ती बुरशीच नव्हती. गुंतवणूकदार आठवड्यावर आले होते.

"गजर कोणी बंद केला?" डॉक्टरांनी विचारलं. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं आणि म्हणाला, "साब, आपनेच बोला था." डॉक्टर खाली बसले. त्यांच्या डोक्यामागे ती रेघ एसीत शिरत होती. मी पहिल्यांदाच पाहिलं की हा माणूस साठीला आला आहे.

तेव्हा मला वही आठवली. गायकवाडबाईंची वही दर महिन्याला माझ्याकडे येई आणि मी न वाचता तिच्यावर शिक्का मारी. धावत जाऊन ती काढली. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या सोमवारपुढे, एकही न चुकता, एकच ओळ: 'वाण नव्या नळीत उतरवले. वाढ चांगली.' उतरवणं म्हणजे जुन्या नळीतला बुरशीचा कण नव्या नळीतल्या ताज्या खाद्यावर ठेवणं, की वाण जिवंत राहतं.

डॉक्टरांची गाडी चार्जिंगला होती. आम्ही रिक्षाने कॅम्प पाचला गेलो. गाळ्याच्या दारात शेजारचा जीन्स धुणारा शेठ भेटला. "अरे डॉक्टर साईं! रस्ता भूल गये क्या?" तो म्हणाला. एरवी डॉक्टरांनी त्याला दहा मिनिटं व्हिजन सांगितलं असतं. आज नुसते हात जोडले. आत गायकवाडबाई पुठ्ठ्याच्या खोक्यात सामान भरत होत्या.

"चप्पल बाहेर, साहेब. आणि पंखा लावू नका," त्या वळूनही न बघता म्हणाल्या. डॉक्टरांनी निमूट बूट काढले.

"बाई, वाण... तुम्ही अजून उतरवता?"

"दर पहिल्या सोमवारी उतरवायचं, तुम्हीच सांगितलेलं ना? बंद करा असं कोण बोललंच नाही. गाळा बंद करायचं पत्र आलंय. त्यात बुरशीचं काय नव्हतं."

"मग गाळा बंद झाल्यावर काय करणार होतात?"

"घरी नेणार होते. फ्रिजमध्ये खालचा कप्पा मोकळा केलाय. सुनेला सांगितलंय, हात लावलास तर बघ."

त्यांनी जुना फ्रिज उघडला. स्टँडमध्ये कापसाची बुचं लावलेल्या नळ्या ओळीने उभ्या होत्या, आणि आत ती हिरवी बुरशी, ताजी, तुकतुकीत. प्रत्येक नळीवर बाईंच्या अक्षरात महिना आणि खाली दोन शब्द: 'वांगणी, पेंढा'. डॉक्टरांनी ते वाचलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"अशीच उचलून नेऊ नका," बाई म्हणाल्या. "इथे एक नळी उतरवा आधी, माझ्यासमोर. हात आठवतोय ना?"

त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला. डॉक्टरांनी वाण उचलायची तार ज्योतीत लाल केली आणि लगेच नळीकडे नेली. बाईंनी त्यांचं मनगट धरलं. "थंड होऊ द्या की. जाळून टाकाल. घाई तुमची जुनीच."

टाकी पुन्हा सुरू झाली. गुंतवणूकदारांची भेट दोन आठवडे पुढे गेली, आणि ते आले तेव्हा डॉक्टरांनी नेहमीचं भाषण केलं. "ही बुरशी मला एका..." असं म्हणून ते अडखळले, कारण मागच्या रांगेत गायकवाडबाई बसल्या होत्या. "वांगणीला, पेंढ्यावर सापडली," डॉक्टर म्हणाले. टाळ्या कमी पडल्या. करार मात्र झाला. गाळ्याचं पत्र मागे घेतलं, शिक्का पुन्हा माझाच. बाईंना 'चीफ स्ट्रेन ऑफिसर', म्हणजे वाणाच्या मुख्य अधिकारी, करायचं ठरलं होतं, पण त्यांनी मला फोन करून सांगितलं, "नुसतं गायकवाडबाई लिहा. ते परत परत बदलावं लागत नाही."

डॉक्टर सुधारले असं कोणी समजू नये. घंटा वाजतेच आहे, भिंतीवरची रेघही छतातच शिरते आहे, आणि परवापासून मी 'डॉक्युमेंट अलकेमिस्ट' आहे. फक्त दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यांच्या कॅलेंडरवर 'स्ट्रॅटेजी, व्यत्यय नको' असं असतं, आणि ते नेमके कुठे जातात हे कोणाला माहीत नसतं. मागच्या महिन्यात मी वही आणायला कॅम्प पाचला गेलो, तर दाराबाहेर बाईंच्या चपलेशेजारी डॉक्टरांचे बूट होते, आणि एका बुटात त्यांचा फोन एकटाच वाजत होता.

बाईंनी दारातच वही दिली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हात चांगलाय हो त्यांचा. कंपनी काढली नसती, तर चांगले टेक्निशियन झाले असते."

मी आत डोकावलो. दिव्यापुढे स्टुलावर बसून, तार हवेत धरून, डॉक्टर ती थंड व्हायची वाट बघत होते. इतक्या वर्षांत त्यांना कशाची तरी वाट बघताना मी पहिल्यांदाच पाहिलं. वहीवर शिक्का मारायच्या आधी मी ती वाचली.