काळकाईच्या राईतली आमरी

पुण्याहून महाडला जाणाऱ्या एस.टी.त मी बसलो तेव्हा माझ्या मांडीवर कॅमेरा होता, आणि तो माझा नव्हता. तो आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांचा होता. काळा, चौकोनी, थेट डब्यासारखा. देताना सरांनी तो दोनदा माझ्या हातातून परत घेऊन पुसला होता.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पुढच्या वर्षी वनस्पतिशास्त्र हाच मुख्य विषय घ्यावा असे मला फार वाटत होते, पण सर मोजकेच विद्यार्थी घेत. मी विचारायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही वर्गात तोंड उघडत नाही. झाडापाशी जायचं तर वाटेत माणसं लागतात, त्यांच्याशी बोलावं लागतं. तुम्हाला ते जमायचं नाही." मी "बरं सर" म्हणालो आणि निघालो. दारापर्यंत पोचलो तेव्हा त्यांनीच हाक मारली. महाड-पोलादपूरच्या डोंगरातली वसंतातली रानफुले टिपून आणायची. त्यांत पांढरी आमरी (झाडाच्या फांदीवर वाढणारे, मातीवाचून जगणारे रोप) हवीच, आणि तीही झाडावर फुललेली. ती आणली तर माझा विचार होणार होता. फिल्मचा रोल एकच मिळाला.

मी फलटणकडचा. आमच्याकडे मार्च महिन्यात झाड दिसले की लोक त्याच्या सावलीत बसतात, फुले आहेत का ते बघत नाहीत. वरंध घाटात गाडी शिरली आणि मी खिडकीला नाक लावले. पानगळ झालेल्या उतारावर पळस पेटला होता, पांगाऱ्याला लाल चोची फुटल्या होत्या. एका वळणावर इंजिन तापले म्हणून ड्रायव्हरने गाडी उभी केली. मी खाली उतरून धायटीच्या झुडपाशी गेलो. बारीक तांबडी फुले, काठीला चिकटलेली. कॅमेऱ्याच्या भिंगात ती शोधून कळ दाबली तोच गाडी धूर सोडत सुरू झाली. हाक मारावी की धावावे, हे माझे ठरेना. शेवटी आतून एका बाईचा आवाज आला, "अहो कंडक्टर, तो डबावाला राह्यला ना खाली." कंडक्टरने मला ओढून आत घेतले. "जमिनीच्या मोजणीला आलाय का?" त्याने विचारले. "फुलांचे फोटो काढायला," मी म्हणालो. त्याने न विचारताच मला पुढची जागा दिली. आजारी माणसाला देतात तशी.

महाडला एका खाणावळीत तांदळाची भाकरी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली. ती इतकी मऊ आणि पांढरी होती की मी चुकून आधी तिची घडी घातली. सोबत कुळथाचे पिठले आणि सुकट. सुकट म्हणजे वाळवलेली मासळी, हे खाऊन झाल्यावर कळले. वारकरी आजोबांना हे घरी कळवायचे नाही, असे ठरवले.

महाडहून पोलादपूरच्या गाडीत शेजारी शांताराम भेटला. मुंबईला गिरणीत काम करणारा, शिमग्याला गावी निघालेला, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. मी खिशातून सरांनी दिलेले आमरीचे चित्र काढून दाखवले. "हे काय, बांडगूळ," तो म्हणाला. "आमच्या देवीच्या राईत ढीगभर हाय. चल माझ्यासंगती. एकदम फर्स्टक्लास बंदोबस्त करतो."

सावित्री नदी ओलांडून, मग बरीच चढण चढून आम्ही त्याच्या वाडीवर पोचलो. वाटेत अंजनीची झुडपे निळ्याजांभळ्या फुलांनी लगडली होती. मी एक फोटो काढला. शांतारामने माझ्यासाठी फांदी धरून ठेवली आणि धरता धरता अर्धी फुले झाडली.

त्याच्या आईला सगळी वाडी 'आये' म्हणत असे. तिने चुलीवर फणसाच्या कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी टाकली आणि माझे येणे कशासाठी ते ऐकून घेतले.

"बांडगुळासाठी पुण्यासून आलास रे पोरा?"

"हो."

"मग आमच्या आंब्यावर दोन पाट्या हाय. काढून ने. आंब्याला बी बरं वाटंल."

मी बांडगूळ आणि आमरी यांतला फरक समजावून सांगू लागलो. बांडगूळ दुसऱ्या झाडाचा रस शोषते, आमरी नुसती झाडावर बसते, खात काहीच नाही. आयेने शांतारामकडे बोट केले. "म्हंजे सुट्टीत येतो तसा," ती म्हणाली. "पर ह्यो खातो."

सकाळी आम्ही काळकाईच्या राईपाशी (देवीच्या नावाने राखलेल्या जंगलापाशी) गेलो. बाहेर सगळीकडे उन्हाने रान करपलेले, आणि आत संध्याकाळ असावी तसा गारवा. कडेच्या एका जुन्या झाडाच्या फांदीवर, निष्पर्ण कांड्यांवर, पांढऱ्या फुलांचे घोस लोंबत होते. चित्रापेक्षाही नाजूक. मी कॅमेरा उघडला आणि पाय उचलला.

"थांब."

हे धोंडू गुरव होते. डोक्याला फेटा, हातात पाण्याची कळशी. देवीची पूजा त्यांच्याकडे. "राईत पान तोडायचं तरी देवीला इचारावं लागतं. कौल घेतल्याबिगर जायाचं नाय."

मी "बरं" म्हणालो. कौल म्हणजे देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "मग आता विचारता का?" मी भीत भीत म्हणालो.

"आता कसं इचारणार? देवी घरी नाय."

शिमगा होता. पालखी वाड्यावाड्यांतून घरोघर फिरत होती, आणि शेवटच्या वाडीवर आग्रह झाला म्हणून देवी तिथे मुक्कामाला राहिली होती. परत कधी येईल हे गुरवांनाही सांगता येईना. "बाय माहेरवाशिणीवानी फिरते. आली की आली."

मी रोज राईच्या बाहेर बसून आमरीकडे बघत असे. रोज थोडी फुले माना टाकत. एक घोस पिवळा पडला, दुसरा गळून गेला. शांताराम धीर देई, "टेन्शन नको घेऊ." वाडीतले लोकही मदत करत. फुलांचा फोटोवाला आला आहे हे ऐकून कुणी ना कुणी आयेच्या ओटीवर बांडगुळाची फांदी आणून टाकी. ढीग इतका वाढला की शेवटी तिने तो शेळीपुढे ओढला.

एका दुपारी ढोल वाजले. देवी आली. मी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून देवळात गेलो, आणि माझ्याआधी अख्खी वाडी बसलेली दिसली. देवी एवढे दिवस बाहेर होती, त्यामुळे सगळ्यांचेच प्रश्न तुंबले होते. विहीर कुठे खणायची. पोरीला आलेले स्थळ घ्यायचे का. म्हैस कुणी पळवली की आपणच गेली. माझी पाळी आली तेव्हा ऊन देवळाच्या पायरीवरून उतरले होते.

गुरवांनी पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले. "बाय माजे काळकाई, ह्यो पुण्याचा पोरगा तुझ्या राईतलं फूल न्यायाला आलाय. नेऊ दे का?"

डावी पाकळी हलली आणि पडली.

मी नमस्कार केला. "बरं," असे म्हणून कॅमेऱ्याचा पट्टा आवरू लागलो. मनात सरांना काय सांगायचे त्याची जुळवाजुळव सुरू झाली होती.

"कुठं निघालास रे?" आये मागून म्हणाली.

"देवीनं नाही म्हटलं ना."

"मग? नाय म्हटलं म्हंजे तू उठून जाणार? प्रश्न चुकला असंल. खाली बस."

मी बसलो. वाडीने कामाला सुरुवात केली. फूल न्यायचे नाही, फोटो न्यायचा आहे, असे शांतारामने सांगितले. गुरव म्हणाले, देवीला फोटू काय ठावं? शांताराम म्हणाला, "फोटू म्हंजे सावली. सांग तिला, सावली नेतोय."

"सावली नेतोय?" एक म्हातारा म्हणाला. "मग राईत राहिलं काय? सावलीसाठीच तर राखली."

यावर बराच वाद झाला. तरी प्रश्न विचारला गेला. डावी पाकळी पुन्हा पडली. म्हातारा समाधानाने मागे टेकून बसला. मला वाटले, आता तरी उठावे. कुणीच उठले नाही. दोनदा नकार मिळूनही कुणाच्या तोंडावर निराशा नव्हती. म्हशीच्या वेळी यापेक्षा जास्त वेळ लागला होता.

गुरवांनी मला जवळ बोलावले. "तू नक्की काय करणार, नीट सांग."

मी सगळ्यांसमोर, आयुष्यात पहिल्यांदाच, सलग बोललो. "मी फुलाला हात लावणार नाही. काही तोडणार नाही, काही नेणार नाही. नुसतं बघणार. या डब्यातून बघणार. आणि पुण्याला एकांना सांगणार की मी बघितलं."

गुरवांनी नव्या पाकळ्या लावल्या. "बाय, ह्यो तुझं काय पण नेत नाय. बघतो म्हणतोय. मी सोता जोडीला उभा राहीन. बघू दे का?"

'का' पुरता म्हणून व्हायच्या आत उजवी पाकळी पडली. आये म्हणाली, "बघ. तिला कळंल असं सांगावं."

सकाळी सगळी वाडी अनवाणी राईत आली. आमरीचा एकच घोस शिल्लक होता, तोही उंच. बांबूची शिडी फांदीला टेकवली, पण तिच्यावर कॅमेरा स्थिर राहीना, म्हणून शेजारच्या उतारावर मी कॅमेरा घेऊन उभा राहिलो. भिंगात घोस धरला, तोच त्यात एक फेटा वर येताना दिसला. गुरव शिडी चढून फुलाच्या अगदी शेजारी उभे राहिले. छाती पुढे, हात ताठ, डोळे विस्फारलेले.

"बाबा, जरा बाजूला होता का?" मी म्हणालो.

"नाय. जोडीला उभा राहीन, असा शब्द दिलाय देवीला."

"जोडीला म्हणजे माझ्या जोडीला उभे राहा ना."

"तुला काय राखायचं? राखायचं फुलाला."

खालून सगळ्यांनी माना डोलावल्या. कॅमेऱ्यात फिल्म थोडीच उरली होती. मी दोनदा जागा बदलली, दोन्ही वेळा गुरवही फुलासोबत वळले. उरलेले सगळे फोटो तसेच निघाले.

पुण्याला फिल्म धुऊन आली. सरांनी टेबलावर फोटो मांडले. खिडकीतून टिपलेला पळस धूसर होता, धायटी एस.टी.च्या धुरात हरवली होती, अंजनीवर शांतारामचा अंगठा. मग आमरी. पाकळी न् पाकळी स्वच्छ आलेली.

"हे काय?" सर म्हणाले.

"पांढरी आमरी, सर."

"आणि हे गृहस्थ?"

"गुरव, सर."

"मी गुरव मागितला नव्हता." सरांनी फोटो गोळा केले. "हे चालायचं नाही. पुढच्या वर्षी बघू."

'बरं' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला आणि उभाच राहिलो. "सर," मी म्हणालो, "मी जरा वेगळं विचारू का?"

"विचारा."

"आमरीचा घोस केवढा लांब असतो, हे नुसत्या फुलाच्या फोटोवरून कळतं का?"

"नाही. शेजारी काही ठेवावं लागतं."

"मग शेजारी गुरव आहेत, सर."

सरांनी वरचा फोटो परत काढला, खिडकीपाशी नेला, भिंग लावले. "या माणसाची उंची किती?"

"माझ्याएवढी, सर. फेटा सोडून."

सरांनी खणातून मोजपट्टी काढली, मला भिंतीशी उभे केले, आणि माझी उंची मोजली. मग माझा तळहात मोजला. मग फोटोतला गुरवांचा तळहात. कागदावर बराच वेळ आकडेमोड चालली. शेवटी ते म्हणाले, "जूनमध्ये यायला लागा. आणि पुढच्या वेळी मोजपट्टी घेऊन जा. दर वेळी गुरव मिळणार नाहीत."

आमच्या घरी मी हे सांगितले तेव्हा आईने एवढेच विचारले, एकदा नाही म्हटल्यावर मोठ्या माणसाला परत विचारायला लाज नाही वाटली? वाटली. पण त्या देवळात मी म्हातारीकोतारी माणसे देवीला पुन्हा पुन्हा विचारताना पाहिली होती, आणि कुणाच्याही आवाजात हट्ट नव्हता. आपले म्हणणे तिला नीट पोचले नाही, एवढेच त्यांना वाटत होते. सरांपुढे उभा असताना मलाही तेवढेच वाटले.