यार्डातली झेंडूची माळ

मुलांनो, परवा तुमच्यातल्या थोरलीने फोनवर विचारलं, "आजी, फायनान्ससाठी मला दोन विद्यापीठांनी घेतलंय. आई म्हणते, तुझं तू ठरव. तिने स्वतः कसं ठरवलं होतं?" मी घाईत काहीतरी सांगितलं. माझा जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेला. अर्धवट उत्तर मला चैन पडू देत नाही. म्हणून नीट लिहिते आहे.

तेव्हा आम्ही भोपाळला, पिपलानीत, विजेची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. तुमचे आजोबा कारखान्यात इन्स्पेक्शनला इंजिनिअर. आमच्या ओळीत बारावीच्या मुलाला एकच प्रश्न असायचा, "कौनसी ब्रांच?" म्हणजे इंजिनिअरिंगची. तुमच्या आईने कॉमर्स घेतलं तेव्हा लोकांनी सांत्वन केल्यासारखं आमच्याकडे पाहिलं. पण पुढे एम.बी.ए.साठी दिल्ली आणि पुणे, दोन्हीकडे तिची निवड झाली. आजोबांनी लगेच सेक्शनमध्ये पेढे वाटले आणि सांगून टाकलं, "मुलगी दिल्लीला चालली."

तरी त्यांचा एक नियम होता. मशीन चालू असताना पाहिल्याशिवाय ते पास करत नसत. तिला घेऊन ते दोन्हीकडे गेले आणि परवानगी काढून एकेका तासाला बसवून आले.

दिल्लीचा वर्ग मोठा, प्राध्यापक उत्तम. तिने भराभर लिहून घेतलं. पुण्याच्या बाईंनी एका कंपनीचा ताळेबंद समोर ठेवला आणि विचारलं, "शिल्लक तयार माल दरवर्षी वाढतोय. का बरं?" कुणी म्हणालं, मागणी घटली, कुणी म्हणालं, कारभार ढिसाळ. मागच्या बाकावरून तुमच्या आईने हात वर केला.

विश्वकर्मा पूजेला आमच्या कारखान्याचं गेट घरच्यांसाठी उघडायचं. लहानपणी त्या दिवशी तिने यार्डातल्या एका ट्रान्सफॉर्मरला झेंडूची माळ बांधली होती. पुढच्या वर्षी गेलो तर ट्रान्सफॉर्मर तिथेच, आणि माळही तिथेच, वाळून काळी पडलेली. "माल तयार आहे, गिऱ्हाईकही ठरलेलं आहे," आजोबांनी तिला समजावलं होतं. "त्यांचा चौथरा अजून बांधून व्हायचाय, म्हणून नेत नाहीत."

हे तिने वर्गात सांगितलं. पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. "मग हिशेबात तो विकलेला धरायचा की नाही?" त्यांनी विचारलं. तिला सांगता येईना.

घरी आल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी पुण्याला जाते."

शेजारच्या नागपूरच्या काकू चहाला बसल्या होत्या. "अगं बाई, दिल्ली सोडून?"

आजोबांनी कप खाली ठेवला. "पास झालेलं मशीन परत पाठवायचं तर कारण द्यावं लागतं."

"दिल्लीत मी लिहून घेतलं, बाबा. पुण्यात मला विचारलं. आणि मला आलं नाही."

पेढे खाल्लेल्या सेक्शनला आता काय सांगायचं, हे मला आजोबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ती चहाचे कप उचलून आत गेली आणि ओट्याशी नुसती उभी राहिली.

सकाळी ते स्कूटर काढत होते. समोरच्या क्वार्टरमधले गृहस्थ फाटकातून ओरडले, "क्या साहब, बिटिया दिल्ली कब जा रही है?"

"दिल्ली नहीं, पूना!" आजोबा म्हणाले. "दिल्ली उसने रिजेक्ट कर दी. खुद इन्स्पेक्शन करके." आणि असल्या ऐटीत किक मारली की आमची कुरकुरणारी स्कूटरही पहिल्या फटक्यात सुरू झाली. खिडकीत आम्ही मायलेकी हसत सुटलो.

बाईंच्या प्रश्नाचं उत्तर तिने पहिल्याच सुट्टीत येऊन आजोबांना समजावलं. दोघं जेवण विसरून बोलत होते. मला ते अजून पुरतं कळलेलं नाही.

आता आजोबा नाहीत. क्वार्टर दुसऱ्यांना मिळालं, मी भोपाळातच बाग सेवनियाच्या फ्लॅटमध्ये राहते. तुमची आई कारखान्यांना कर्ज देणाऱ्या बँकेत मोठ्या पदावर आहे, आणि सही करण्याआधी ती आजही स्वतः जाऊन यार्ड पाहून येते.